बंडूसाठी घर बघताना

लोकांच्या घरी गेल्यावर मावशी सोफ्यावर बसत नसत. घरचे "बसा ना" म्हणत उशी सरळ करायचे, आणि या खाली फरशीवर फतकल मारून मोकळ्या. साठीला टेकलेलं वय, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, तरी खालीच. मग मान वाकडी करून टेबलाखाली, पलंगाखाली, दाराच्या फटीकडे बघायच्या.

"कुत्रा इथून बघतो घर," त्या म्हणायच्या. "तुमचं झुंबर घेऊन त्याला काय करायचंय?"

मावशी म्हणजे माझ्या नात्यातल्या कोणी नव्हेत. सिडनीत वेस्टमीडला एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासायच्या आणि जवळच वेंटवर्थव्हिलला एकट्या राहायच्या; नवरा वारलेला, मुलगी ॲडलेडला. टाकून दिलेली कुत्री सांभाळणाऱ्या एका संस्थेसाठी त्या हौसेनं काम करत. कुत्रं घरी आणायचं, माणसात आणायचं आणि मग त्याला घर शोधून द्यायचं. आपल्याकडे काही बायका गावभरच्या मुलींची लग्नं जुळवतात, तुम्हीही बघितल्या असतील. तशी मावशींनी अर्ध्या वेस्टर्न सिडनीतली कुत्री उजवली होती.

आमची गाठ पडली तेव्हा सिडनीत आमच्यासारख्या विद्यार्थ्यांचं अमाप पीक आलं होतं. इंडियन किराण्याच्या दुकानाबाहेर मावशी तांदळाच्या गोणीशी झटापट करत होत्या. मी गोणी उचलली आणि माझ्या गाडीत टाकली. वाटेत सांगितलं, आमच्या घराण्यातला मी पहिला ग्रॅज्युएट, वडिलांचं पंक्चरचं दुकान आहे, इथे मास्टर्स करतोय. हे मी तेव्हा भेटेल त्याला सांगायचो. आजही सांगतो. कमावलेल्या गोष्टीची लाज कशाला?

मावशींनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाडी तुझीच का? ब्रेक लागतात?"

त्या दिवसापासून मी त्यांचा ड्रायव्हर झालो आणि माझं नाव ग्रॅज्युएट पडलं.

बंडू त्यांच्याकडे आला तो त्यानंतर. काळा-तपकिरी, एक कान उभा, एक पडलेला. संस्थेच्या कागदावर नाव होतं टायसन. पण प्लास्टिकची पिशवी सळसळली तरी हा टायसन पलंगाखाली शिरायचा, म्हणून मावशींनी त्याचं पुन्हा बारसं केलं. त्याची खोड एकच, घरात एकटा राहिला की रडायचा. साधं कुईकुई नाही, मयताला आल्यासारखा गळा काढायचा. त्यापायी तीन घरांनी त्याला परत पाठवलेलं. आता मावशी शिफ्टला गेल्या की तो रडायचा, शेजारी तक्रार करायचे, आणि शेवटी काउन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, नोटीस आली. लवकर घर मिळालं नाही तर बंडू पुन्हा पिंजऱ्यात जाणार होता. तीनदा परत आलेल्याला तिथून चौथ्यांदा कोण नेतं, हे मावशींना ठाऊक होतं. त्या बोलून दाखवत नसत एवढंच.

इतकी नड, तर मिळेल त्या घरी देऊन टाकावा की नाही? छे.

एक जोडपं होतं पुण्याचं, दोघंही आयटीत. नवीन घर, आरशासारखी फरशी, पाचेक वर्षांचा मुलगा. मावशी बसल्या खाली आणि बंडूचे दोष सांगायला लागल्या. ही त्यांची रीत. "हा रडतो. चपला खातो. आणि जेवणानंतर वारा सोडतो, खिडकी उघडी लागते."

बाईंनी नाकाला हात न लावता हसून दाखवलं. साहेब म्हणाले, "आम्ही दिवसभर ऑफिसला असतो, पण कॅमेरा लावू. फोनवरून त्याच्याशी बोलता येतं."

मावशी मुलाकडे वळल्या. "काय रे, आईनं कॅमेऱ्यातून जेव म्हटलं तर तू जेवशील?"

"No," मुलगा म्हणाला.

मावशी उठल्या. उठायला माझा हात लागला, पण उठल्या.

दुसरं घर एका ऑस्ट्रेलियन आजोबांचं. मोठं अंगण, मागे शेड. माणूस भला होता, चहाबरोबर बिस्किटं दिली. "नो वरीज लव्ह," ते म्हणाले, "तो बाहेर झोपेल, मजेत राहील."

"अँड यू?" मावशींनी विचारलं. "तुम्ही कुठे झोपता?"

"आत."

"मग तो पण आत."

गाडीत माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "मावशी, आम्ही सहा पोरं दोन खोल्यांत राहतो. एक बाथरूम. आमचं घर कसंय, हे युनिव्हर्सिटीनं विचारलं नाही की कोणी बघायला आलं नाही. आणि या कुत्र्यासाठी एवढी चौकशी?"

"तुला बंडूसारखं रडता येतं का?"

"नाही."

"मग कोण विचारणार."

ब्लॅकटाउनचा सिग्नल लागला. मावशी समोर बघत म्हणाल्या, "माझ्या लग्नाच्या वेळी मुलाचा फोटो आला होता. मागे मोठं दुमजली घर. सगळे खूश. इथे आले तर ते घर समोरच्याचं. तोही चांगला होता रे बिचारा, पण पहाटे जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. दिवसभर मी आणि फ्रिज. फ्रिज चालू झाला की बरं वाटायचं, कोणीतरी आहे म्हणून." मग सिग्नल सुटला. "चल, हिरवा झाला. झोपलास काय?"

पुढच्या आठवड्यात त्यांना जादा शिफ्ट आली. बंडूला कुठे ठेवायचं? मी त्याला आमच्या घरी नेलं. दुपारी त्यांनी फोन केला, "रडतोय का?"

मी बघितलं. आमच्याकडे एक जण पहाटे बेकरीत, दोघं रात्री वेअरहाऊसला, एक वृद्धाश्रमात, उरलेले युनीत. दिवसाच्या कुठल्याही वेळी कोणीतरी गादीवर घोरत पडलेलं असायचं. बंडू त्या रांगेत, बेकरीवाल्या दिनेशच्या पोटाला पाठ लावून झोपला होता.

"मावशी," मी म्हटलं, "हे घर कधी रिकामं नसतं."

तिकडून मावशी म्हणाल्या, "संध्याकाळी घर बघायला येते. आवरू नका."

आम्ही तरी आवरलं. मावशी आल्या आणि खाली बसल्या. आमच्याकडे सोफा नव्हताच. एकेकाला समोर बसवून प्रश्न विचारले. शिफ्ट कुठली, झोपेत लाथा मारतोस का, गावी कुत्रं होतं का. दिनेशनं घाबरून बारावीचे मार्क सांगितले.

"आणि तुम्ही उद्या परमनंट व्हाल, निघून जाल. मग?"

"एक गेला की दुसरा येतो मावशी. गादी थंडसुद्धा होत नाही."

"मग येणारा मुलगा मी बघणार."

घरमालक पंजाबी अंकल. ते काय म्हणतील याची आम्हाला धास्ती होती. पण घरात सहा जण राहतात हे त्यांनीच काउन्सिलला कळू दिलं नव्हतं, त्यामुळे सातव्याबद्दल ते बोलणार काय? बंडूकडे बघून म्हणाले, "चलो, ये किचन तो गंदा नहीं करेगा," आणि लेखी परवानगी देऊन गेले.

पुढची दोन-तीन वर्षं आमच्या घरात गादी मिळवणं व्हिसाहून अवघड होतं. सगळ्या दिवसपाळ्या असलेला मुलगा मावशी परत पाठवायच्या. एकाचा बाप तर थेट साताऱ्याहून फोनवर आला, "आमचा मुलगा इंजिनिअर आहे हो." मावशी म्हणाल्या, "असेल. रात्रपाळी आहे का?"

मग गुडघ्यांनी दगा दिला आणि मुलीनं त्यांना ॲडलेडला न्यायचं ठरवलं. रविवारचं विमान होतं. आम्ही पोरांनी शिफ्टा बदलून घेतल्या, इस्त्रीचे शर्ट घातले, दोन गाड्या करून एअरपोर्टला गेलो. मावशी व्हीलचेअरवर होत्या. आम्हाला बघून चेहरा उजळला. वाकून नमस्कार करायला आम्ही रांग लावली. दोघांच्या डोक्यावर हात ठेवून झाला आणि तिसऱ्याला त्यांचा हात हवेतच थांबला.

"दिनेश पण आला? सगळेच इथे?"

"हो मावशी."

"मग घरी कोण आहे?"

दिनेशनं बोटांवर आम्हाला मोजलं, सहाच्या सहा.

"जा," त्या म्हणाल्या. "ग्रॅज्युएट, तू जा. आत्ता."

"अहो नमस्कार तरी..."

"नमस्कार नको. जा म्हणते ना."

व्हीलचेअरवरून दाराकडे रोखलेलं ते बोट, हेच मला त्यांचं शेवटचं दर्शन. त्या पुन्हा सिडनीला आल्या नाहीत, आणि मी ॲडलेडला जायच्या आत त्या गेल्या.

त्या दिवशी मात्र मी सगळे रस्ते शिव्या देत घरी आलो. कुलूप काढताना कान दिला. आत आवाज नाही. दार उघडलं तर बंडू माझ्या गादीवर उताणा, चारी पाय वर, ओठ लोंबते, घोरत होता. घरात दुसरं कोणी नव्हतं. माझी चाहूल लागून त्यानं एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटला.

तेवढ्यात फोन वाजला. मागे विमानाची घोषणा चालली होती.

"पोचलास? रडत होता का रे?"

मी बंडूकडे बघितलं.

"रडत होता मावशी," मी म्हटलं. "मी आल्यावर गप्प झाला."

"वाटलंच मला," त्या म्हणाल्या, आणि घोषणा संपेपर्यंत त्यांनी फोन ठेवला नाही.