पळसाखाली झोपलेली माय

फुलं बघायला जायचं असतं, हे आमच्या घरात कुणाला ठाऊकच नव्हतं. पळस फुलतो फाल्गुनात, आणि फाल्गुनात आमचं अर्धं गाव उसाच्या फडात. दसरा झाला की भांडीकुंडी, शेळ्या, लेकरं ट्रकमध्ये भरायची आणि कुठल्यातरी लांबच्या सहकारी साखर कारखान्याच्या शिवारात पाचटाची कोपी घालून राहायचं. परत येईपर्यंत पाडवा होऊन जायचा, फुलं झडलेली असायची. मायच्या माहेरी गावामागे पळसाचा मोठा माळ आहे. लग्नानंतर तिला तो फुललेला एकदाही दिसला नव्हता. माझा वसंत ऋतू तर शाळेतल्या निबंधापुरताच होता, तोही दुसऱ्याच्या वहीतून उतरवलेला.

त्या दुष्काळी साली उसालाच पाणी नव्हतं. कारखान्याचा पट्टा माघातच पडला, म्हणजे हंगाम आटोपला, आणि माय-अण्णा अवेळी घरी आले. मी तेव्हा केज तालुक्यातल्या आमच्या गावच्या दूध संस्थेत कामाला होते. दूध मापायचं, फॅट काढायची, कॅन भरून गाडीत चढवायचे. जनावरं चारा छावणीत गेली, दूध आटलं, तसं संस्थेने संध्याकाळचं संकलन बंद केलं. काम निम्मं झालं तरी मी दमलेलीच असायचे. टँकरची वाट बघून माणूस जेवढं दमतं, तेवढं कॅन उचलून दमत नाही.

घरी आल्या आल्या माय चुलीपुढे बसून हळूच म्हणाली, "बाई, मला आता फड होत न्हाई. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रकात चढले की डोळ्यापुढं अंधारी येती. कंबर तर गेलीच."

"मग अण्णांना सांग की."

"कसं सांगू? कोयता मोडतो."

फडात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. त्याने तोडायचं, तिने मोळ्या बांधून वाहायच्या. जोडी नसलेल्या माणसाला मुकादम सहसा टोळीत घेत नाही. अण्णांना आयुष्यात दुसरं काम माहीत नव्हतं, आणि शेत म्हणून जो मुरमाचा तुकडा होता त्यात कुसळंही धड उगवत नव्हती. म्हणजे मायने नाही म्हटलं की अण्णाही घरी बसणार. म्हणून ते तिच्या तोंडून निघत नव्हतं. मी सांगते म्हटलं, तर मलाच दटावलं. "तू मधी पडू नको. माझं मी सांगीन."

पण सांगणार कधी? घरात सारखी भावकीची ये-जा, आणि अण्णा दिवसभर पारावर. शेवटी मीच डोकं चालवलं. दोघांना तिच्या माहेरच्या माळावर पळस बघायला न्यायचं, आणि तिथे तिने बोलून टाकायचं. तिला हे पटलं. अण्णांना मात्र पटेना. "पळस बघायला एवढ्या लांब काहून जायचं? त्याला काय शिंगं फुटलीत?" असं पुटपुटत त्यांनी धुतलेला सदरा घातला.

फिरायला जायचं त्या दिवशीही माय अंधारातच उठली. भाकरी, ठेचा, कांदे बांधले, टँकरच्या पाण्यातलं थोडं कॅनमध्ये घेतलं. संस्थेतलं सकाळचं काम मी एकाच्या गळ्यात मारलं होतं. जीपने गेलो, फाट्यावर उतरलो आणि चालत माळावर चढलो. ऊन अजून कोवळं होतं, वारा बरा होता. ओढ्यात थेंब नाही, विहिरींचे तळ उघडे पडलेले, आणि समोर अख्खा माळ लालकेशरी. आधी मला रागच आला. इकडे माणसं घागरभर पाण्यासाठी एकमेकांच्या झिंज्या उपटत होती, आणि हा नवरदेवासारखा नटून उभा. मग राग कुठे गेला कळलंच नाही. काटेसावरीवर साळुंक्यांचा कलकलाट चालला होता. खालच्या लिंबाच्या फुलोऱ्याचा गोडसर वास वर येत होता. मी नुसती बघत राहिले.

माय चालता चालता थांबली. "हाय, तसाच हाय," एवढंच म्हणाली, आणि लगेच वाकून वाळकी लाकडं गोळा करायला लागली. मी तिच्या हातातून ती काढून घेतली.

"ठेव ते. आज नुसतं बसायचं."

"बसून काय करू?" तिने खरंच विचारलं.

भाकरी खाऊन झाल्यावर मायने माझ्याकडे बघितलं. मी समजले, आणि ओढ्याकडे जाऊन येते म्हणून उठले. ओढ्यात बघण्यासारखं काय होतं? वाळू आणि शेळ्यांच्या लेंड्या. तिथे मी बराच वेळ काढला. काय बोलत असतील, अण्णा भडकले तर काय, ही माघार घेईल का, सगळं डोक्यात फिरत होतं. परत आले तर माय झोपलेली. उशाला पिशवी, तोंड किंचित उघडं. अण्णांनी मला हातानेच गप्प राहा म्हणून खुणावलं. ती काही बोललेलीच नव्हती. पाठ टेकायला म्हणून आडवी झाली आणि तिचा डोळा लागला.

फुललेल्या पळसाला पानं नसतात. खाली सावली अशी पडतच नाही. ऊन नीट तिच्या तोंडावर येत होतं. अण्णांनी गळ्यातला टॉवेल काढून दोन फांद्यांना बांधला. ऊन सरकलं की उठायचं, गाठ सोडायची, दुसरीकडे बांधायची. दुपारभर त्यांनी तेवढंच केलं. झोपेतसुद्धा तिची मूठ मधूनच आवळत होती, सुटत होती.

"उठवू का?" मी विचारलं.

"झोपू दे." मग ते म्हणाले, "फडात मी हिला झोपलेली कधी बघितलीच न्हाई. मी निजलो तरी ही भाकरी थापीत असायची. मी उठायच्या आदी चूल पेटलेली."

त्यांनी पुन्हा एकदा टॉवेलची गाठ सोडून बांधली.

"पुढल्या साली हिला नेत न्हाई मी."

माझे डोळे भरून आले. इतकी वर्षं छातीवर ठेवलेला कॅन कुणीतरी उचलल्यासारखं वाटलं. तिला न बोलताच मिळालं होतं सगळं. आता फक्त तिने उठायचं होतं.

ऊन माळावरून उतरायला लागलं तेव्हा तिला जाग आली. केसात पाकळ्या, गालावर पिशवीचे वळ. आम्ही दोघं बघतोय म्हटल्यावर ती लाजली. "उठवायचं न्हाई का मला? समदा दिवस गेला की." मी तिला डोळ्याने खुणावलं, काही बोलू नको, झालंय. तिला वाटलं मी आठवण करून देतेय. ती उभी राहिली, कंबरेवर हात ठेवून पाठ मागे ताणून बघितली, आणि अण्णांना म्हणाली, "मी काय म्हणते, आंग लई मोकळं झालं. झोप झाली की माझी कंबर ठीक असती. आणखी दोन-चार सालं निघतील माझी."

मला एवढा राग आला की सांगता येत नाही. एका दुपारच्या झोपेच्या जोरावर ही बाई आणखी दोन-चार सालं मोळ्या वाहायला निघाली होती. आजवरची सगळी सालं तिने अशीच काढली असणार.

अण्णांनी फांदीवरचा टॉवेल सोडला, झटकला आणि गळ्यात घातला.

"न्हाई," ते म्हणाले. "कोयता मोडला आपला."

"आन तुमी काय करताल मग?"

"काय की." ते माळाकडे बघत राहिले. "झोपंन मीबी."

माय परत खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. अण्णांनी तिला गप्प केलं नाही. खाली रस्त्यावर परतीच्या जीपचा हॉर्न वाजत राहिला, पण आमच्यापैकी कुणीच उठलं नाही.