सिरक्यातला कांदा

काल हॉटेलात सिरक्यातला कांदा आला आणि मी ती वाटी लांब सारली. पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये आम्ही रंगाच्या टाकीत जे ॲसिड ओतायचो, त्याचा अगदी हाच वास.

त्या दिवशीही तो माझ्या अंगाला होता. बदलीवाला आलाच नाही, म्हणून मी सलग दोन पाळ्या मशीनवर उभा होतो. सकाळी सुटलो. दुपारी बायकोनं गदागदा हलवून उठवलं.

"पोरगी कोठे शे?"

आमची राणी तेव्हा चार वर्षांची. बायको पहाटेच कामावर जायची, त्यामुळे तिला बालवाडीत मी सोडायचो. आज सोडलं होतं का? मिलचं गेट आठवत होतं, पुढचं काहीच नाही. खोलीमागे उघडी खाडी होती. बायको तिकडे धावली, मी अनवाणी बालवाडीकडे.

राणी दारातच डबा खात बसली होती. बाई म्हणाल्या, "अहो, सकाळी तुम्हीच तर सोडून गेलात!" मी नुसती मान डोलावली. खड्ड्यात गेली ती डबल पाळी.

एवढाच तो दिवस माझ्याकडे उरलाय.

काल हे सगळं ऐकून समोर बसलेल्या राणीनं ती वाटी आपल्याकडे ओढली. "पप्पा, त्या दिवशी तुमच्या केसांना हाच वास येत होता. मला खांद्यावर बसवून गाणं म्हणत नेलं होतं तुम्ही."

"कुठलं गाणं?"

तिनं ते हळूच म्हणून दाखवलं. मी पहिल्यांदाच ऐकत होतो.