वगळलेला पाडा

उंबरपाड्याची चंद्रकला आठवी शिकलेली. माहेर आणि सासर एकाच पाड्यावर, त्यामुळे लग्न झालं तरी ती सगळ्यांची पोरच राहिली. अठ्ठ्याण्णव साली शहापूरच्या एका संस्थेनं तिला कामाला घेतलं. मुरबाडच्या डोंगराकडेच्या त्या पाड्याला केवढं अप्रूप वाटलं. काम एवढंच, की कुणी बाळंत झालं की जायचं, बाळाचं वजन करायचं, ते दूध पितं का, त्याला धाप लागते का ते बघायचं आणि लिहायचं. औषध द्यायचं नाही. आजारी दिसलं तर 'दवाखान्यात न्या' म्हणायचं.

काळू नदीपलीकडच्या साजोळ्यात माधुरी हेच काम करायची. तिच्याकडं मात्र औषधाची बाटली होती.

"मंग आमाला का नाय बाटली?" चंद्रकलेनं विचारलं.

संस्थेच्या डॉक्टर नम्रताताईंनी समजावलं, "औषधानं बाळं वाचतात असं मला वाटतं गं. पण सरकारला पटवायचं तर ते मोठ्या डॉक्टरांच्या मासिकात छापून यायला हवं. मासिकवाले विचारतात, औषध नव्हतं तिथं काय झालं? म्हणून काही गावं तशीच ठेवायची. अभ्यास संपला की तुम्हालाही देऊ."

चंद्रकलेला ते पटलं. त्या वर्षी पाड्यातली काही बाळं गेली तेव्हा ती रडली, पण लिहीत राहिली.

पुढच्या माघात तिच्या भावजयीचं, लहानीचं बाळ दूध सोडून निपचित पडलं. श्वास घेताना छाती आत ओढली जात होती. भाऊ महिपत भिवंडीकडं वीटभट्टीवर. मुरबाडची जीप सकाळीच गेलेली.

"वन्सं, तुमी रोज येता आन नुसतं बघता," लहानी तिचे पाय धरून म्हणाली. "आता कायतरी करा ना!"

चंद्रकलेनं बाळाला छातीशी बांधलं आणि नदी ओलांडून माधुरीचं दार गाठलं.

"दुसऱ्या गावाला द्यायची बंदी हाय," माधुरी म्हणाली. "माजं काम जाईल."

"माजं पन जाईल. तू याच्याकडं बघ तरी."

माधुरीनं बघितलं आणि बाटली काढली. बाळ वाचलं.

पुढच्या फेरीला नम्रताताई आल्या. हसतं बाळ बघून हरखल्या. "हे कसं गं बरं झालं?"

खोटं बोलता आलं असतं. चंद्रकलेनं खरं सांगितलं. ताई उंबऱ्यावरच बसल्या, बाळाच्या पायांवरून हात फिरवत राहिल्या.

"तुझ्या जागी मीही हेच केलं असतं," त्या म्हणाल्या. "पण आता हा पाडा अभ्यासात ठेवता येणार नाही. ठेवला तर सगळाच अभ्यास खोटा ठरेल."

पाडा वगळला. चंद्रकलेचं काम गेलं, माधुरीचंही. अभ्यास संपल्यावर उरलेल्या गावांना बाटल्या मिळाल्या, उंबरपाड्याला नाही. ताई भांडल्या, पण संस्थेला पैसे देणारे बधले नाहीत.

अभ्यास संपला त्याच थंडीत शेजारच्या गोदूची तान्ही मुलगी तशीच निपचित झाली. चंद्रकला साजोळ्याला धावली. दुसऱ्या गावाला द्यायची बंदी अजून होतीच, आणि तिथल्या नव्या बाईला माधुरीचं काय झालं ते माहीत होतं. तिनं दार उघडलं नाही. चंद्रकलेनं दार बडवलं, हात जोडले, शिव्या दिल्या, शेवटी तिथंच कपाळ आपटून घेतलं. मग माघारी येऊन गोदूला घेऊन पायीच मुरबाडच्या रस्त्याला लागली. मुलगी वाटेतच गेली.

गोदू रडली नाही. "तुज्या भावाच्या पोराला औषध व्हतं," एवढंच म्हणाली.

दोन हजार चार साली लेख छापून आला. ताई मासिक घेऊन पाड्यावर आल्या. त्यांची संस्था तोवर बंद पडली होती.

"यात आमचा पाडा कुठंय?" चंद्रकलेनं विचारलं.

"एक वाक्य आहे. 'नियम मोडल्यामुळे एक गाव वगळले.'"

"आन गोदूची पोर?"

"वगळल्यानंतरचं मोजलंच नाही गं."

"मंग आता लिवा."

ताईंनी मासिक मिटलं. म्हणाल्या, "हे वाचून सरकार कधीतरी औषध देईल. वेळ लागेल."

"गोदूला परत दिवस गेलेत, ताई. तिनं कुठवर थांबायचं?"

ताई मासिक तिथंच ठेवून उठल्या. त्या गेल्यावर चंद्रकला गोदूकडं गेली. गोदू अंगणात नागली पाखडत होती.

"बाळंतपनाआधीच मुरबाडला जाऊन ऱ्हा गो. दवाखान्याजवळ. मी येते संगं."

गोदूनं मान वर केली नाही. सूप तिच्या हातात हलत राहिलं. चंद्रकला पुन्हा तेच म्हणाली, मग आणखी एकदा म्हणाली.