देवाचे सेल

विश्रांतवाडीतल्या एका दत्तमंदिरामागे कुसुमताई निर्माल्य निवडत बसत. हारांचे दोरे ओढून काढायचे, प्लास्टिक बाजूला करायचं, फुलं खड्ड्यात लोटायची. वाशीमहून आलेल्या या बाईच्या हातून किती हारांचं खत झालं, ते दत्तालाच ठाऊक. हल्ली गुडघे बोलू लागले होते, आणि त्यात फुलांत सेल सापडायला लागले. घड्याळात घालतात तसले, गंजलेले, पाणी सुटलेले.

देवळातलं खत माणसं तुळशीसाठी नेत. कुणाच्या तरी कुंडीत सेल निघाला आणि विश्वस्त यज्ञेश्वरकाका तडक मागे आले.

"अहो कुसुमबाई, तुळस वाढवायचीये की चार्ज करायचीये?"

पुन्हा सेल निघाला तर खड्डा बुजवू, निर्माल्य कचऱ्याच्या गाडीत देऊ, असं सांगून ते गेले. म्हणजे देवाची फुलं खरकट्यात जायची आणि कुसुमताई घरी.

तेव्हापासून त्यांनी निर्माल्यकलशावर डोळा ठेवला. गुरुवारी समोरच्या इमारतीतल्या यमुनाबाई आल्या. सुकलेला हार टाकला, पदराची गाठ सोडून दोन सेल काढले, कपाळाला लावले आणि हळूच कलशात सोडले.

कुसुमताई उठल्या. चार शब्द सुनवायचे होते, पण तेवढं त्राण कुठलं? सेलाचं विष खतातून तुळशीच्या मुळाशी जातं, एवढंच त्यांनी सांगितलं.

म्हातारी गोंधळली. तिच्या देवघरात दिवसभर दत्ताचं नाव म्हणणारा डबा होता, त्यातलेच हे सेल.

"अगं, यांच्यावर महाराजांचं नाव चाललं. कचऱ्यात कसे टाकू?"

कुसुमताईंचाही हात धजावला नसता.

घरी जाऊन त्यांनी लोणच्याची मोठी प्लास्टिकची बरणी घासली, कोरडी केली, तिला हळदीकुंकवाची बोटं लावली आणि कलशाशेजारी आणून ठेवली. यमुनाबाई पुन्हा आल्या तेव्हा म्हणाल्या, "काकू, यात घालत जा. हे फोडून आतला धातू पुन्हा कामाला लावतात. देवाचं वाया जात नाही."

काकांनी बरणी पाहिली. आता सेलांचीही दर्शनाची रांग लावा, म्हणाले. खड्डा मात्र राहिला.

फुलांतले सेल थांबले. पण बरणी बघता बघता भरू लागली. रिमोटचे, खेळण्यांचे, सगळेच सेल एकदम देवाचे झाले होते. ती जड बरणी पिशवीत घालून, बस धरून, जुने सेल घेणाऱ्या केंद्रावर पोचवणं कुसुमताईंच्याच गळ्यात आलं.

एका गुरुवारी न्यायला म्हणून त्यांनी झाकण काढलं. सेलांवर कुणीतरी झेंडूची ओली फुलं वाहिली होती.

कुसुमताई गुडघ्यावर हात टेकत खाली बसल्या आणि सेलांतून फुलं निवडू लागल्या.