गेटावरचे भावी संपादक

कसं सांगू तुम्हाला, कॉलेजच्या गेटातून जाताना माझी मान अजून आपोआप खाली जाते. हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, मग ऐका.

मी पलूसचा. पत्रकारितेची पदवी घेतली आणि एमएला साताऱ्यात प्रवेश मिळाला. पहिल्याच दिवशी परिचयाचा तास. साधा परिचय नव्हे हं! तो ऐकून मॅडम विभागाच्या पाक्षिकाचा संपादक निवडणार होत्या. आणि मला ते संपादकपद हवं होतं. किती? आदल्या दिवसापासून घशाखाली भाकरी उतरत नव्हती, इतकं!

परिचय पाठ केला होता. एसटीत पुटपुटलो, स्टँडवर रिक्षात बसलो तरी डोळे मिटून पुटपुटतच होतो.

रिक्षावाला म्हणाला, "पाव्हणं, परीक्षा हाय का?"

मी मान हलवली. परीक्षाच की ती! गेट कधी आलं, मला कळलंसुद्धा नाही. एवढं लक्षात ठेवा.

वर्गात माझ्या आधी तासगावची अश्विनी उठली. "मी अश्विनी. आमची द्राक्षबाग आहे. मला बातम्या लिहायला आवडतं." संपलं! मला तर तिची कीवच आली.

मग माझी पाळी. "मी ओंकार..." आणि पुढचं सगळं साफ विसरलो!

मॅडमनी सांभाळून घेतलं. "घाबरू नका. तुम्हाला कशाची चीड येते, तेवढंच सांगा."

चीड? ती तर माझ्याकडे पोत्यानं होती!

"फ्लेक्सची, मॅडम! चौकाचौकातल्या ह्या अभिनंदनवाल्या फ्लेक्सची! ज्याच्याकडे कर्तृत्व नसतं, तो स्वतःचं तोंड चौकात टांगतो!"

टाळ्या! मॅडमचेही डोळे चमकले. "अगदी बरोबर. आज सकाळीच आपल्या गेटाजवळच्या वळणावर केवढा तरी फ्लेक्स लागलाय. त्याच्याआडून एसटी आली. माझी स्कूटर थोडक्यात वाचली."

इथं गप्प बसावं की नाही माणसानं? पण टाळ्या डोक्यात गेल्या होत्या.

"मॅडम, पहिली बातमी हीच! कोण आहे तो, आत्ता सगळ्यांसमोर उघडा पाडतो. चला!"

निघाली की वरात! पुढं मी, मागं अख्खा वर्ग, मोबाईल काढून.

गेटाबाहेर आलो, वर बघितलं. डोक्याला फेटा, डोळ्यांवर गॉगल, कानाला मोबाईल... मीच! चुलतभावाच्या लग्नातला! आणि खाली हे एवढ्या अक्षरात: "आमचे भाचे, निर्भीड पत्रकार, भावी संपादक ओंकारराव यांना एमएला प्रवेश मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक: मामा आणि मित्रमंडळ, मेढा."

गॉगलमुळे कुणी ओळखणार नाही, अशी क्षणभर आशा वाटली. तेवढ्यात फ्लेक्सच्या बांबूला टेकून उभे असलेले आमचे फौजेतून निवृत्त झालेले मामा पेढ्यांचा बॉक्स घेऊन धावले.

"आला बगा आमचा वाघ! काय गड्या, कसा दिसतोय?"

"आवं मामा, काढा की हे!"

"काढा? आरं, लय मोक्याची जागा हाय! पहाटं येऊन बांदलाय. साताऱ्यात तुला कोण वळखतंय रं? म्हनलं, आपणच वळख करून द्यावी."

मॅडमनी शांतपणे पेढा घेतला. एकदा फ्लेक्सकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"हं. झाला तुमचा परिचय."

संपादक झाली अश्विनी. तिचा पहिला हुकूम: "फ्लेक्सची बातमी तूच लिहायची. नावानिशी."

लिहिली. मामांना प्रतिक्रिया विचारली, तर म्हणाले, "लिही बिनधास्त. फकस्त फोटू रंगीत टाक."

फ्लेक्स उतरला, बातमी छापून आली. आणि आठवड्याच्या आत मेढ्याच्या स्टँडवर नवा फ्लेक्स लागला: "पहिली बातमी छापून आल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!"

तुम्हाला वाटेल, मी चिडलो असेन. कसला चिडतोय! ह्या वेळी बिनगॉगलचा फोटो मामांना मीच पाठवला होता.