तुपाच्या बरणीवरची खूण

मी भाजीवाल्याच्या काट्याखाली हात घालून बघते. सिलिंडर घरात घेण्याआधी त्याचं सील तपासते, दूध उकळण्याआधी त्याचा वास घेते, आणि वर्गात चार जणांचं उत्तर सारखंच चुकलं तर कोणी कोणाचं पाहिलं हे पाच मिनिटांत काढते. नवरा म्हणतो, तू शिक्षिका कशाला झालीस, पोलिसात जायचं होतंस. मला त्याचा राग येत नाही. वाशीमच्या शाळेत इतकी वर्षं विज्ञान शिकवून मी एवढंच शिकले आहे की कोणाच्या शब्दावर जाऊ नये, पुरावा मागावा. आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा माझा संशय खराच निघतो. त्यामुळेच तो वाढत गेला.

त्या दिवाळीत भाऊबीजेला मी माहेरी मेडशीला गेले. आई ओट्यावर बसली होती. उठायला तिने हात वर करून खांब धरला, तशा बांगड्या मनगटावरून सरकत कोपरापर्यंत गेल्या. गाल आत गेले होते, ब्लाउज खांद्यावरून उतरत होता. धाकट्या भावाने अंगणातल्या सोयाबीन तोलायच्या काट्यावर तिला उभं केलं. एकोणचाळीस किलो. उन्हाळ्यात याच काट्यावर ती बावन्न भरली होती.

"काटा बिघडला असंन," भाऊ म्हणाला.

मी स्वतः उभी राहून पाहिलं. काटा बिघडला नव्हता. माझं वजन नको तितकं बरोबर होतं.

"माय, तू जेवतं ना बरोबर?" मी विचारलं.

"घालते ना वं ते दोन्ही टाइम. पोटभर घालते," आई म्हणाली. ते म्हणजे माझी भावजय. पण आईने हे बोलताना एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं, आणि मी ते टिपलं.

भावजय पदराला हात पुसत बाहेर आली. "खातात तं लय, ताई. पण अंगीच लागत नाई."

अंगी लागत नाही! द्रव्य नष्ट होत नाही, हे मी दर वर्षी मुलांकडून घोकून घेते. ताटात वाढलेलं कुठे तरी दिसलंच पाहिजे. अंगावर दिसत नसेल तर ते ताटातच नव्हतं. इतका सरळ हिशेब होता, आणि मी तो ओट्यावर उभ्या उभ्या केला.

एकदा संशय धरला की पुरावे चालत येतात. दिवेलागणीला आई घरात शिरताना चौकटीला धडकली. मी मनात म्हटलं, बिलाच्या भीतीने दिवेसुद्धा लावू देत नाहीत म्हातारीला. दुसऱ्या दिवशी जेवायला रोडगे होते, वांग्याची भाजी आणि वरण. सगळ्यांचे रोडगे तुपात चुरलेले, आईच्या ताटात मात्र कोरडा. मी विचारलं तर भावजय म्हणाली, "त्याइले तूप सोसत नाई आता." माझ्या आईला तूप सोसत नाही! माझ्या दोन्ही बाळंतपणांत जिने मला तुपात बुडवून काढलं, तिला! आपल्या पोळीवर तूप ओढणं म्हणतात ते हेच, असं मला वाटलं.

जेवणं झाल्यावर भांडी घासताना ती माझ्याजवळ सरकली आणि आईबद्दल हळू आवाजात म्हणाली, "ताई, एक सांगू काय? आत्याबाई संडासात जाऊन आल्या का मले लय पाणी टाका लागते. बादलीवर बादली ओतली तरी जात नाई. तेलावानी वर तरंगते. रंगबी पांढुरका. दवाखान्यात चला म्हटलं तं लाजतात, येतच नाईत."

मला काय ऐकू आलं? माझ्या आईची घाण काढावी लागते म्हणून ही रडगाणं गाते आहे, एवढंच. मी म्हटलं, "तुह्या मायचं असतं तं असं सांगत फिरली असती काय?"

तिने पुढचं भांडं ओढलं. नंतर निघेपर्यंत माझ्याशी कामापुरतं बोलली. त्यातही मला चोरी दिसली.

निघायच्या दिवशी दुपारी घरात कोणी नव्हतं. फळीवर तुपाची काचेची बरणी होती, अर्ध्याहून जरा खाली. म्हैस आटलेली होती, म्हणजे नवं तूप पडायचा प्रश्न नव्हता. मी पर्समधलं लाल नेलपॉलिश काढलं, तुपाच्या पातळीला मागच्या बाजूने बारीक रेघ ओढली आणि रेघ भिंतीकडे करून बरणी ठेवली. जाताना भावजयीला बजावलं, "मायले रोज दोन चमचे तूप घाल." एसटीत बसल्यावर मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. वर्गातही मी इतका स्वच्छ प्रयोग क्वचितच केला असेल.

तीन आठवड्यांनी एका रविवारी न कळवता गेले. चहा व्हायच्या आधी पाणी प्यायच्या निमित्ताने फळी गाठली. तूप रेघेला रेघ होतं, केसाइतकंही खाली नाही. आई आणखी वाळली होती.

मी आवाज चढवला नाही. फक्त भावाला म्हटलं, "माय माह्यासंगं येते. इथं तिले काय भेटते ते मी पाहून घेतलं." भावजय आईची पिशवी घेऊन स्टँडपर्यंत आली. पिशवी माझ्या हातात देताना एवढंच म्हणाली, "ताई, त्याइले तूप नका देऊ."

मी पिशवी घेतली आणि आईला धरून एसटीत चढवलं.

वाशीमला आणून मी आईला खाऊ घालायला सुरुवात केली. डिंकाचे लाडू, तुपातला शिरा, भातावर तूप, झोपताना दुधात तूप. आई बिचारी मुकाट खायची. पोट फुगतं म्हणायची, तर मी म्हणायची, सवय मोडली आहे तुझी. आठ दिवसांत फरक दिसेना. तूप खाल्ल्याबरोबर रूप येत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि चमचा मोठा घेतला.

बाराव्या दिवशी जऊळक्याची मावशी गाडीने आली. आईला बघून तिने कपाळाला हात लावला. मग काही न बोलता माझ्या स्वयंपाकघरात गेली, ओट्यावरून नजर फिरवली, लाडवांच्या डब्याचं झाकण उचलून आत डोकावली. "नोकरीवाली पोरगी तू," ती म्हणाली, "येळ भेटत नसंन म्हना जेवाले द्याले."

डब्यात डोकावणारी ती नजर मी चांगली ओळखत होते. ती माझीच होती, फक्त या वेळी माझ्याकडे वळलेली. मी मावशीला शपथा घेऊन सांगू लागले की मी स्वतःच्या हाताने भरवते, रोज चार लाडू देते. मावशी हं हं करत राहिली. तिला एक अक्षरही पटलं नव्हतं. मी तिच्या जागी असते तर मलाही पटलं नसतं.

त्याच दिवशी, मावशी गेल्यावर, आई संडासातून आली आणि मान खाली घालून म्हणाली, "पाणी जास्त टाकजो वं." मी आत गेले. टाकी दोनदा सोडली तरी जाईना. पांढुरकं, फुगलेलं, वर तरंगत होतं, आणि पाण्यावर खरकट्या कढईत दिसतो तसा तवंग होता. तेलावानी वर तरंगते. भावजयीचा तो हळू आवाज मला तिथे जसाच्या तसा ऐकू आला.

मी तिथेच उभी राहिले. दर वर्षी मी फळ्यावर पचनसंस्थेची आकृती काढते: जठर, यकृत, पित्ताशय, आणि जठराच्या मागे आडवं पडलेलं स्वादुपिंड. त्याला नाव द्यायला विसरलेल्या मुलाचा अर्धा गुण कापते. मुलांना सांगते, पोटात गेलेलं तूप अजून अंगात गेलेलं नसतं. ते पाण्यात मिसळत नाही, म्हणून आधी पित्त त्याचे बारीक थेंब करतं, साबण तेलकट भांड्यावर करतो तसं. मग स्वादुपिंडाचा रस त्या थेंबांचे इतके लहान तुकडे करतो की ते आतड्याच्या भिंतीतून आत जातात. आत गेल्यावर पुन्हा जोडले जातात आणि रक्तात पोचतात. त्यातलं लागतं तेवढं चालाय-बोलायला, अंगात ऊब राखायला जळतं, उरलेलं कातडीखाली, पोटाभोवती साठतं, कणगीत धान्य भरून ठेवावं तसं. पुढे कधी खाणं कमी पडलं तर शरीर त्या कणगीतून काढतं. पण स्वादुपिंडाचा रसच नसेल तर? तर तूप आत शिरत नाही. आलं तसं निघून जातं, आणि पोटभर जेवणारा माणूस कणगी उपसत राहतो. द्रव्य नष्ट झालेलं नव्हतंच. ते कुठे जातंय हे घरात एकाच बाईने पाहिलं होतं, हातात बादली घेऊन, आणि तिने मला सांगितलंही होतं.

अकोल्याला पोटाच्या डॉक्टरकडे नेलं. तरुण होता, म्हणून माझा त्याच्यावरही विश्वास बसेना. त्याने आईच्या डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून बघितल्या. कावीळ नव्हती. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात, तशी ती दिवाळीपासून मला झालेली होती. मग त्याने विचारायला सुरुवात केली. हे कधीपासून? दिवसातून किती वेळा? काय खाल्ल्यावर वाढतं? आई भिंतीकडे बघत बसली. मला एकाही प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं. शेवटी मी भावजयीला फोन लावला आणि स्पीकर सुरू करून टेबलावर ठेवला.

तिने आधी आईची तब्येत विचारली. मग सांगत गेली. पोळ्यापासून सुरू झालं. रोडगे, भजी, तूप झालं का दुसऱ्या दिवशी हमखास. साधं वरण-भात असला तर कमी. म्हणून तिने आपल्या मनानेच तूप बंद केलं. दिवे लावायच्या वेळेला आत्याबाईंना नीट दिसत नाही, म्हणून ती त्यांच्या खोलीतला दिवा दिवस असतानाच लावते, पण बाहेरून घरात येताना त्या अडखळतातच. डॉक्टर भराभर लिहीत होता. फोन ठेवल्यावर म्हणाला, "या बाईंना सोबत आणायला पाहिजे होतं तुम्ही." काही जीवनसत्त्वं चरबीसोबतच अंगात जातात, ती जात नाहीत म्हणून अंधुक उजेडात दिसत नाही, हेही त्याने समजावलं. तेही मी दर वर्षी शिकवते.

स्वादुपिंडात गाठही असू शकते, असं डॉक्टर म्हणाला, आणि चार दिवस आम्ही त्या भीतीत काढले. मी त्या चार दिवसांत देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही. तपासण्या आल्या. गाठ नव्हती. स्वादुपिंड सुकलं होतं, आत खडे होते, रस जवळजवळ येत नव्हता. त्या रसाच्या कॅप्सूल निघतात. प्रत्येक जेवणाच्या मधोमध घ्यायच्या, जन्मभर.

"मेडशीले ने मले," आई बाहेर येताच म्हणाली. "तिच्या हातचं खाईन."

तूर निघाली तेव्हा मी पुन्हा गेले. आई चव्वेचाळीस भरली. जेवताना अर्धी भाकर झाली की भावजय तिच्यासमोर पाण्याचा पेला आणि कॅप्सूल घेऊन उभी राही, आणि ती गिळेपर्यंत हलत नसे. आता आईच्या ताटात थोडं तूप होतं.

जेवणानंतर मी स्वयंपाकघरात गेले. माफी मागायची मला सवय नाही, शब्द सापडत नव्हते. "चुकलं माह्यं," एवढंच म्हटलं.

तिने फळीवरून तुपाची बरणी काढली आणि मागची बाजू माझ्याकडे करून ओट्यावर ठेवली. लाल रेघ तशीच होती.

"मले तं त्याच दिवशी दिसली होती," ती म्हणाली. "बरणी पुसाले घेतली तं मांगं लाल दिसलं. आत्याबाईले तूप देलं तं त्याइले तरास. घरच्यानं खाल्लं तं तुमी म्हनसान, सुनेनं खाल्लं. म्हटलं, राहू दे जसंच्या तसं. पोराइलेबी कोरडीच भाकर देल्ली तुमी येईपर्यंत."

"मंग मले सांगतलं काहून नाई?"

"सांगतलं होतं ना, ताई. भांडे घासताना."

मला तिच्याकडे बघवेना. बरणीकडे बघत मी विचारलं, "पुसली काहून नाई मंग? इतके दिवस?"

"मी पुसली असती तं तुमी म्हनलं असतं, काहीतरी लपवलं." तिने माझ्या हातात ओलं फडकं दिलं. "तुमीच पुसा."

फडक्याने काही होईना. मी नखाने खरवडायला लागले. रंग पक्का होता, निघायला बराच वेळ लागला, आणि शेवटचा लाल कण निघेपर्यंत ती तिथेच उभी राहून बघत होती.