शर्मिला सिस्टरांची पिवळी पिशवी

शर्मिला सिस्टर औषधांचा फ्रिज उघडायलासुद्धा ग्लोव्ह घालतात, हे आप्पासाहेब रुग्णालयात नव्याने लागलेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगितलं जाई. सांगणारा हसत सांगे, पण आवाज खाली आणून. स्वारगेटपासून चालत जाण्याच्या अंतरावरच्या या रुग्णालयात डॉक्टर बदलले, लिफ्ट बदलली, दारातल्या संस्थापकांच्या पुतळ्याचं नाकसुद्धा एकदा बदललं. सिस्टरांचा धाक मात्र होता तिथेच होता.

त्या संसर्ग नियंत्रणाच्या प्रमुख. एका रुग्णाचा रोग दुसऱ्याला लागू नये हे बघणं त्यांचं काम, आणि ते त्या इतक्या मनापासून करत की वॉर्डात त्यांच्या चपलांचा आवाज आला की रुग्ण खोकला गिळत. गोळी द्यायला ग्लोव्ह, नाडी बघायला ग्लोव्ह, कुणाच्या रजेच्या अर्जावर सही करायलाही ग्लोव्ह. अर्ज नामंजूर झालेल्या एका सिस्टरने एकदा म्हटलं होतं, "बोटांचे ठसे उरायला नकोत ना!"

यामागची खरी गोष्ट कुणालाच माहीत नव्हती. ताडीवाला रस्त्यावरच्या दोन खोल्यांत त्या वाढल्या. वडील, सुखदेव ओव्हाळ, रेल्वेत खलाशी. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. खाली घरातलं एकुलतं टेबल, ते फक्त अभ्यासाचं. मुलगी नर्स झाली तेव्हा वडिलांनी सगळ्या वस्तीत पेढे वाटले. नोकरीच्या पहिल्या वर्षी पेठेतले एक आजोबा वॉर्डात होते. शर्मिलाने पाण्याचा पेला पुढे केला, तेव्हा त्यांनी प्रेमाने विचारलं, "आडनाव काय गं तुझं?" तिने सांगितलं. "असं होय," आजोबा म्हणाले, "ठेव तिथे. घेईन मी मागाहून." पेला संध्याकाळपर्यंत तसाच होता. दुसऱ्या दिवशी कुणाचं तरी ड्रेसिंग करायला घातलेले ग्लोव्ह न काढताच घाईत तिने पेला पुढे केला. आजोबांनी तो घटाघटा संपवला.

ग्लोव्हला आडनाव नसतं, हे शर्मिला त्या दिवशी शिकली. तेव्हापासून ती सगळ्यांची 'शर्मिला सिस्टर' झाली. आडनाव फक्त पगाराच्या चिठ्ठीवर उरलं.

पुढे करोना आला. रुग्णाच्या खोलीतली प्रत्येक वस्तू पिवळ्या पिशवीत टाकायची, असा आदेश सिस्टरांनी काढला. पिवळी पिशवी म्हणजे जाळायचा कचरा. रोज गाडी येते, पिशव्या मोजून नेते आणि शहराबाहेरच्या भट्टीत त्यांची राख होते. त्या भयंकर दिवसांत तो आदेश ठीकच होता. मग करोना गेला, लोकांच्या तोंडावरचे मास्क गेले, लग्नांत पुन्हा पाचशे पानं उठू लागली. आदेश मात्र राहिला. तो मागे घ्या, असं सिस्टरांना सांगायची कुणाची छाती नव्हती.

आणि मग संचालक डॉ. अभय, संस्थापकांचे नातू, दोन समुद्र ओलांडून एका परिषदेहून परतले. विमानाचा धूर किती झाला ते विमानालाच ठाऊक, पण सरांना आता पृथ्वीची काळजी लागली होती. त्यांनी सगळ्यांना सभागृहात बोलावलं. ऊर्जाबचतीचं भाषण होतं आणि एसी इतका गार होता की भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई शाल गुंडाळून बसल्या. मागे भला मोठा फ्लेक्स: 'प्लॅस्टिकमुक्त रुग्णालयाकडे'. शेवटी प्रत्येकाला एक रोप मिळालं. प्लॅस्टिकच्या कुंडीत, वर प्लॅस्टिकची पिशवी, तिला प्लॅस्टिकची रिबीन.

सभा संपल्यावर सरांनी सिस्टरांना थांबवलं.

"सिस्टर, आपल्याला हरित मानांकन मिळवायचंय. दिवाळीनंतर समिती येईल. समन्वयक तुम्ही."

"सर, मी इथे आयुष्यभर लोकांना फेकायला शिकवलंय."

"म्हणूनच तर! लोक तुमचं ऐकतात. माझं कोण ऐकतं?" सरांनी घसा साफ केला. "शिवाय आपल्या मेट्रनबाई डिसेंबरात निवृत्त होताहेत. मानांकन मिळालं तर ती ऑर्डर तुमच्या नावाने निघेल. नाही मिळालं, तर ट्रस्टींना बाहेरून कुणीतरी आणायचंय."

सिस्टरांच्या डोळ्यांपुढे मेट्रनच्या खोलीचं दार आलं. त्यावर पितळी पाटी असते. आणि पाटीवर नुसतं नाव नसतं, पूर्ण नाव असतं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट.

चारच दिवसांत सल्लागार कंपनीची स्पृहा लॅपटॉप घेऊन दाखल झाली. ही पर्यावरण अभियांत्रिकी शिकलेली, बोलणं भरधाव.

"मॅम, ॲक्च्युअली तुमचा यलो बॅगचा ग्राफ बघून मला वाटलं डेटा चुकलाय. एवढ्या बेड्सला एवढं वजन? तुम्ही नेमकं जाळताय काय?"

"रोग," सिस्टर म्हणाल्या.

पण रात्रभर तो ग्राफ त्यांच्या डोक्यात चढत राहिला. सकाळी त्यांनी दोन ग्लोव्ह एकावर एक घातले, साफसफाई बघणाऱ्या सरुबाईंना बोलावलं आणि एक पिशवी गच्चीवर नेऊन उघडायला लावली.

आतून शहाळी निघाली. एक, दोन, आणखी चार. त्याखाली मोसंबीच्या साली, कालची वर्तमानपत्रं, बिस्किटांचे पुडे, कुणाची तरी एक चप्पल. रक्ताचा कापूस एका कोपऱ्यात बिचारा अंग चोरून बसला होता.

"हे काय आहे, सरुबाई?"

"शहाळी हायेत."

"ते दिसतंय मला. पिवळ्यात का?"

"तुम्हीच म्हनला व्हता, खोलीतलं समदं पिवळ्यात. मागं एका पेशंटची सून कोपऱ्यात झोपली व्हती. म्या म्हनलं, हिलाबी टाकायची का, इचारावं का नको?"

पुण्यात आजारी माणसाला भेटायला जाताना जो शहाळं नेत नाही, त्याच्या मनात काहीतरी आहे असं समजतात. त्यामुळे रुग्णाला मधुमेह असो, मूत्रपिंडाचा विकार असो नाहीतर ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेलं असो, उशाशी शहाळी येतच राहत. ती भेटायला आलेले नातेवाईक आपुलकीने पीत आणि ओल्या, जड कवट्या मागे ठेवून जात. परराज्यातून ट्रकने आलेलं फळ पेठेतल्या काकांच्या पोटात आणि त्याची कवटी रोगजंतूंच्या भट्टीत. एवढा मान नारळाला देवळातही मिळत नाही.

सिस्टरांना चीड आली, आणि बरंही वाटलं. चूक आदेशाची असेल, पण कवट्या तर लोकांच्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः फाटकावर उभ्या राहिल्या.

"शहाळं आत न्यायचं नाही."

"अहो, शहाळं म्हणजे काय बाँब आहे का?" हातात दोन शहाळी धरलेल्या एक काकू कडाडल्या.

"बाँब परवडला. तो स्वतःचा स्वतः जळतो."

"आमच्या भावजयीला वाटेल, आम्ही मोकळ्या हाताने आलो!"

"पाणी डब्यात ओतून न्या. कवटी फाटकावर."

फाटकाशी शहाळी विकणाऱ्या कोंडीरामने पहिला दिवस शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी तो डबा घेऊन येणाऱ्यांना शहाळं फोडून देऊ लागला आणि कवट्या खतवाल्याच्या टेम्पोत टाकू लागला. मग सिस्टरांनी आपला जुना आदेश रद्द केला. रद्द केला असं अर्थात म्हटलं नाही. 'अधिक कडक' नवा आदेश काढला. पिवळ्यात फक्त पिवळ्याचंच. चुकीची वस्तू सापडली, तर टाकणाऱ्याने ती स्वतःच्या हाताने बाहेर काढायची. पिशव्यांचं वजन झरझर उतरलं.

स्पृहा मात्र खूश दिसेना. ती एका दुपारी लॅपटॉप उघडून समोर बसली.

"मॅम, शहाळी गेली, सुपर. पण आता ग्लोव्ह्ज. आपल्या साइजच्या हॉस्पिटलला लागतात त्याच्या डबल वापरतोय आपण. रक्त, जखम, तिथे पाहिजेतच, नो डाउट. पण गोळी द्यायला? चादर बदलायला? हात धुतले तरी चालतं. उलट तोच ग्लोव्ह घालून पाच जणांना हात लावला तर इन्फेक्शन फिरतं. हे तर तुम्हीच माझ्यापेक्षा..."

"मला शिकवू नका."

"सॉरी मॅम. पण फ्रिज उघडायला?"

सिस्टरांनी आपल्या हातांकडे पाहिलं. ते अर्थातच दिसत नव्हते. स्पृहा म्हणाली ते त्यांना पाठ होतं. नव्या मुलींना हेच तर त्या शिकवत. स्वतःपुरता नियम वेगळा होता, इतकंच. शहाळी लोकांची होती. हे मात्र त्यांचं होतं.

"बघते," त्या म्हणाल्या. आणि समिती येईपर्यंत त्यांनी ते बघितलं नाही.

समिती आली त्या दिवशी रुग्णालय नवरीसारखं सजलं होतं. दारात थर्मोकोलची पृथ्वी टांगली होती. पाहुण्यांना अभय सरांनी पारदर्शक कागदात गुंडाळलेले गुच्छ दिले आणि मग, परंपरा म्हणून, एकेक शहाळं. सिस्टरांनी डोळे मिटून घेतले. वॉर्डात शिरण्यापूर्वी तिन्ही सदस्यांना एकदा वापरून फेकायचे गाऊन, टोप्या, मास्क, बुटांवरची आवरणं चढवण्यात आली. कुठे तर साध्या जनरल वॉर्डात. समितीचे अध्यक्ष फिरून आले, त्यांनी सगळं उतरवून दारातल्या पिवळ्या डब्यात टाकलं आणि डबा ओसंडलेला बघून कपाळाला आठ्या घातल्या.

"हे इतकं कुणाचं?"

"आपलंच आहे, सर," सिस्टर म्हणाल्या.

अभय सरांचा चेहरा पडला. अध्यक्षांनी चष्मा पुसला. "बरं. आता रोजचं काम कसं चालतं ते दाखवा. त्या आजींची गोळी द्यायची दिसतेय, द्या."

खाटेवर सरोजिनीबाई होत्या. निवृत्त शिक्षिका, मांडीचं हाड मोडलेलं, जीभ शाबूत. चार दिवसांत त्यांनी वॉर्डातल्या प्रत्येक माणसाचं आडनाव विचारून घेतलं होतं. सिस्टरांचं तेवढं राहिलं होतं.

सिस्टरांचा हात सवयीने ग्लोव्हच्या खोक्याकडे गेला. अध्यक्ष बघत होते. दाराशी स्पृहा श्वास रोखून उभी होती. सिस्टरांना पितळी पाटी आठवली, आणि मग संध्याकाळपर्यंत तसाच राहिलेला पेला. त्या वळल्या, नळाखाली हात धुतले, सावकाश, बोटांच्या बेचक्यांतून. मग गोळी झाकणात काढली आणि उघड्या हाताने पुढे केली.

"आज ग्लोव्ह नाही वाटतं?" सरोजिनीबाईंनी विचारलं.

"नाही. पर्यावरणाला त्रास होतो."

"असं? आणि आडनाव काय हो तुमचं?"

"ओव्हाळ." सिस्टरांनी हात तसाच ठेवला. "आपल्याला काही त्रास?"

सरोजिनीबाईंनी त्या हाताकडे पाहिलं, मग अध्यक्षांकडे, मग पुन्हा हाताकडे. त्यांच्या मनात काय होतं ते त्यांनाच माहीत. चार लोक बघत होते, हेही असेल.

"त्रास कसला? पाणी द्या आधी. कोरडी गोळी गिळायला मी काय शहामृग आहे?"

पेला या हातातून त्या हातात गेला, आणि रिकामा होऊन परत आला.

मानांकन मिळालं. प्रमाणपत्र फुग्याफुग्यांच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, जाड खोक्यातून, कुरिअरने आलं. जानेवारीत मेट्रनच्या खोलीवर पाटी लागली. 'शर्मिला सिस्टर, हरित मेट्रन' असं लिहावं, अशी अभय सरांची कल्पना होती. सिस्टरांनी कागदावर पूर्ण नाव लिहून दिलं आणि सांगितलं, "एवढंच."

पाटीवर दुकानातली पातळ प्लॅस्टिकची झिल्ली तशीच चिकटलेली होती.

"राहू द्या, सिस्टर," अभय सर म्हणाले. "पितळेवर हात लागून डाग पडतात."

"पडू देत," सिस्टर म्हणाल्या, आणि 'ओव्हाळ'च्या टोकाशी नख घालून त्यांनी ती झिल्ली सोलून काढली.

सरुबाई शेजारी उभ्याच होत्या. "ही पिवळ्यात टाकू का?"

"टाकून तर बघा," नव्या मेट्रनबाई म्हणाल्या, आणि शेजारच्या वॉर्डात कुणीतरी खोकला गिळला.